डावा पंख घासू नका

नाशिकहून आलेलं एक पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, सगळी नोकरी विमानाच्या कारखान्यात पत्राकामात गेली. निवृत्तीनंतर हाताला काम हवं म्हणून प्लास्टिकची किट बांधायला लागलो. स्पिटफायर, हरिकेन, मेसरश्मिट अशी तीन-चार विमानं झाली. मुलगी मिलानला असते. तिनं दिवाळीला इटलीच्या माक्की सी.२०२ या लढाऊ विमानाचं १/४८ प्रमाणाचं किट पाठवलं. गोंद लावण्याआधी पंख नुसते बसवून पाहिले आणि सवयीनं व्हर्निअर लावला, तर डावा पंख उजव्यापेक्षा चार मिलिमीटरांहून थोडा जास्तच लांब! किट सदोष आहे का? टोक फायलीनं घासून सारखं करू का? दुसरा प्रश्न रंगाचा. डब्यावरच्या चित्रात विमानाच्या अंगभर हिरवी वलयं आहेत. एअरब्रश घेतलाय, पण हात बसलेला नाही. इंटरनेटवर जेवढे फोटो तेवढ्या छटा, कुणावर विश्वास ठेवायचा? आमच्या ग्रुपमधले एक मित्र म्हणतात, 'हरलेल्यांची विमानं ती, त्यांच्यावर कशाला वेळ घालवता?' आणि शेवटचं. नातू विचारतो, पंखावरचं हे काठ्यांचं चिन्ह कशाचं? ते मुसोलिनीचं आहे हे मला ठाऊक आहे. घरातल्या शोकेसमध्ये ते ठेवावं की नाही, माझं मन ठरत नाही. हे झाल्यावर इटलीचंच दुसरं घ्यायचं म्हटलं तर कोणतं घेऊ?"

काका, आधी फाईल खाली ठेवा. किट बरोबर आहे.

माक्की सी.२०२ 'फोल्गोरे' या विमानाचा डावा पंख खरोखरच उजव्यापेक्षा सुमारे २० सेंटीमीटर लांब होता. त्याला ४८ नं भागा, तुमच्या व्हर्निअरनं सांगितलेलं माप मिळेल. किट बनवणाऱ्यानं अभ्यास केला होता आणि तुम्ही तो पकडलात. पुष्कळ जणांच्या हातून हे विमान बांधून होतं तरी ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नाही.

कारण तुम्हाला दोन ओळींत कळेल. वैमानिकाच्या बैठकीत बसून पुढे पाहिलं तर या विमानाच्या नाकावरचा पंखा (प्रोपेलर) घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. पंखा उजवीकडे फिरला की सगळं विमान डावीकडे कलू पाहतं. इंजिन जितकं ताकदवान तितका हा कल जास्त. वैमानिकानं सतत नियंत्रणाची काठी दाबून धरायची, नाहीतर त्यावर काही रचनेतलाच उपाय शोधायचा. आरेखक मारिओ कास्तोल्दी यानं डावा पंख थोडा लांब केला, म्हणजे त्या बाजूला उचल जास्त मिळाली आणि कल आपोआप सावरला गेला. कारखान्यात पुरी उमेद घालवलेल्या माणसाला यातलं धाडस सांगायला नको. दोन्ही बाजूंचे पंख वेगळ्या मापाचे, म्हणजे दोन वेगळे साचे, जोडणीची दोन वेगळी जिग आणि सुट्या भागांचा दुप्पट हिशेब.

हाच कास्तोल्दी त्याआधी शर्यतीची समुद्री विमानं आखत होता. त्याच्या एम.सी.७२ मध्ये फियाटची दोन इंजिनं एकामागे एक जोडलेली होती आणि नाकावर एकाच अक्षाभोवती उलटसुलट फिरणारे दोन पंखे होते. एकाचा पीळ दुसऱ्यानं मोडायचा. २३ ऑक्टोबर १९३४ ला फ्रांचेस्को अजेल्लोनं गार्डा सरोवरावर त्या विमानानं ताशी ७०९ किलोमीटरचा वेग गाठला. पिस्टन इंजिनाच्या समुद्री विमानांत तो विक्रम आजही मोडलेला नाही. लढाऊ विमानात दोन पंख्यांचं ते गुंतागुंतीचं यंत्र परवडणारं नव्हतं, म्हणून तोच प्रश्न त्यानं पंखाच्या लांबीनं सोडवला. तुमच्या टेबलावर जे चार मिलिमीटर आहेत ते तिथून आलेत.

आता बांधताना त्याचा परिणाम काय होतो ते पाहा. पंख बसवताना आपण बहुतेक वेळा टेबलापासून दोन्ही टोकांची उंची मोजतो आणि ती सारखी आली की समाधान मानतो. इथे तसं करू नका. पंख वर उचललेल्या कोनात असतात, आणि कोन सारखा ठेवला तर लांब पंखाचं टोक किंचित वर जाणारच. उंची सारखी करायला गेलात तर कोन बिघडेल आणि विमान समोरून वाकडं दिसेल. जाड पुठ्ठ्याचा कोन कापून घ्या, तोच दोन्ही बाजूंना लावून पाहा आणि गोंद पक्का होईपर्यंत तसाच टेकवून ठेवा. शेपटीचे आडवे पंख मात्र दोन्हीकडे सारखे हवेत. ते मागून बघून जुळवा, पुढच्या पंखांच्या टोकांवरून जुळवू नका.

मुलगी मिलानलाच आहे, हे तर उत्तमच. तिथल्या लिओनार्दो दा विंचीच्या नावाच्या विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयात सी.२०५ ठेवलेलं आहे. ते याच विमानाचं धाकटं भावंड. इंजिन जास्त ताकदीचं, पण पंख आणि धड बहुतांश तेच. एखाद्या रविवारी तिला तिकडे पाठवा. चाकांच्या खोबणीचे, कॅनॉपीच्या (बैठकीवरच्या काचेच्या झाकणाच्या) बिजागरीचे आणि पंख धडाला मिळतो त्या जागेचे जवळून फोटो काढायला सांगा. एक फरक तेवढा लक्षात ठेवा: सी.२०५ च्या नाकाखाली तेलाचे दोन नळकांड्यांसारखे थंडावे आहेत, सी.२०२ ला हनुवटीखाली एकच. तो फोटो पाहून तुमच्या मॉडेलवर दोन बसवू नका.

आता रंग. पत्रातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे आणि त्याच्यापाशी मी जास्त थांबणार आहे.

तुम्ही विचारलंय, इटालियन रंग नक्की कोणता. या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेही मिळणार नाही, कारण प्रश्नच एका पायरीनं आधीचा आहे. आधी विमान ठरवा. सी.२०२ हे मॉडेल झालं. तुम्हाला त्यातलं एक विमान निवडायचं आहे, धडावर अमुक क्रमांक असलेलं, अमुक महिन्यात अमुक धावपट्टीवर उभं असलेलं, आणि ज्याचा निदान एक तरी खरा फोटो तुम्हाला पाहायला मिळतो असं. ते एकदा ठरलं की निम्मे प्रश्न आपोआप गळून पडतात.

धडावरचा क्रमांक वाचायला सोपा आहे. ९७-२ असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा स्क्वाड्रिल्याचा, म्हणजे तुकडीचा, आणि दुसरा त्या तुकडीतल्या विमानाचा. ९७ वी स्क्वाड्रिल्या नवव्या ग्रुप्पोत (तुकड्यांच्या गटात), नववा ग्रुप्पो चौथ्या स्टॉर्मोत (अशा गटांच्या मोठ्या दलात). चौथ्या स्टॉर्मोकडे हे विमान सगळ्यात आधी गेलं, १९४१ च्या उन्हाळ्यात. त्या सप्टेंबरच्या अखेरीस सिसिलीतल्या कोमिसोजवळ ब्रिटिश हरिकेनांशी त्याची पहिली झटापट झाली. याच स्टॉर्मोचं चिन्ह म्हणजे मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा. पहिल्या महायुद्धातला वैमानिक फ्रांचेस्को बाराक्का याच्या विमानावर तो होता. त्याच्या आईनं पुढे तोच घोडा एन्झो फेरारीला त्याच्या गाड्यांवर लावायला सुचवला. नातवाला ही गोष्ट जरूर सांगा.

क्रमांकाशिवाय प्रत्येक विमानाला एम.एम. ही अक्षरं लावलेला लष्करी नोंदणी क्रमांकही असे. शेपटीजवळ बारीक अक्षरांत तो लिहिलेला सापडतो. तो कळला की विमान कुठल्या कारखान्यातून आलं ते कळतं, आणि तुमच्या वलयांचं उत्तर तिथेच आहे. सी.२०२ फक्त वरेझेतल्या माक्कीनं बनवलं नाही, ब्रेडा आणि साई आंब्रोसिनी या कारखान्यांतही ते बनलं. वलयं हातानं फवारलेली. फवारणारे हात वेगळे, म्हणून वलयांचा आकार वेगळा, दाटपणा वेगळा. एका कारखान्याची वलयं सुटी आणि मोठी, दुसऱ्याची बारीक आणि एकमेकांत अडकलेली, कुठे नुसते ठिपके. डब्यावरचं चित्र त्यातल्या एकाच विमानाचं असतं. डिकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हांच्या, पानावर मात्र चार-पाच विमानांचे क्रमांक असतात. आकडे एका विमानाचे आणि वलयं दुसऱ्याची, ही गफलत इटालियन मॉडेलांत फार दिसते.

छटांबद्दल सांगायचं तर १९४१ मध्ये इटलीच्या हवाई दलानं रंगांची प्रमाणित यादी ठरवून दिली. सी.२०२ पुरतं त्यातले तीन रंग लक्षात ठेवा. वरचा आधाररंग 'नोच्चोला क्यारो', हा हेझलनटाच्या टरफलाचा फिकट तपकिरी. वलयांचा 'वेर्दे ओलिवा स्कुरो', गडद ऑलिव्ह हिरवा. खालच्या बाजूचा 'ग्रिजो अझ्झुर्रो क्यारो', फिकट निळसर करडा. बाटलीवर ही नावं असली की घ्यायला हरकत नाही. एका कंपनीचा हेझलनट दुसरीपेक्षा पिवळट असेल, त्यावर रात्री जागवू नका. त्या काळचे रंगीत फोटो मोजके आहेत आणि तेही विटलेले. संग्रहालयातली विमानं नंतर पुन्हा रंगवलेली असतात. त्यामुळे नेमकी छटा शोधण्यापेक्षा फिक्या आणि गडद रंगातला फरक बरोबर ठेवा. काळ्या-पांढऱ्या फोटोत हिरवा आणि तपकिरी एकमेकांपासून किती वेगळे दिसतात ते पाहा. आपल्या मॉडेलचा मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून शेजारी ठेवा. या परीक्षेत उतरलं की झालं.

बैठकीच्या आतली बाजू 'वेर्दे अँतिकोरोझिओने', म्हणजे गंज अडवणारा फिकट हिरवा. हा रंग स्पिटफायरच्या आतल्या हिरव्यापेक्षा बराच फिका आहे. घरात उरलेला तो वापरला तर लगेच उठून दिसेल.

वलयांची हातोटी. माझं स्पष्ट मत असं, की हात बसेपर्यंत तुमचं पहिलं वलय मॉडेलवर पडता कामा नये. जुन्या टिफिनच्या झाकणावर किंवा वाया गेलेल्या पंखावर आधी तपकिरी रंग द्या आणि त्यावर सराव करा. एअरब्रशचं तोंड ०.२ मिलिमीटरचं असेल तर चांगलं, ०.३ चं असलं तरी अडत नाही. रंग दुधाइतका पातळ करा, त्याहून थोडा पातळ झाला तरी चालेल. दाब १० ते १५ पीएसआयच्या आसपास. दाब जास्त झाला तर कोळ्याच्या पायांसारख्या रेघा फुटतात, कमी झाला तर थेंब उडतात. तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ आणा आणि एका दमात वलय पूर्ण करायला जाऊ नका. इंग्रजी सी सारखा अर्धा गोल एकीकडून काढा, मॉडेल फिरवा आणि उरलेला अर्धा दुसरीकडून जोडा. सांधा थोडा चुकला तरी बरंच, खऱ्या विमानांवरही ती वलयं कंपासनं काढलेली नव्हती. मध्येच सुई कोरडी पडून अडेल. दर पाच-सहा वलयांनी तोंड थिनरच्या बोळ्यानं पुसून घ्या.

वलयं केवढी हवीत, हे अंदाजानं ठरवू नका. फोटोत शेजारी चाक दिसत असेल तर वलय चाकाच्या किती पट आहे ते पाहा, तेच प्रमाण किटमधल्या चाकाला लावा. नवशिक्यांची वलयं जवळजवळ नेहमी मोठी होतात, कारण हाताला मोठा गोल सोपा जातो. सुरुवात पंखाच्या खालच्या कडेजवळून, मग शेपटीकडे, आणि नाकाजवळचा भाग शेवटी, तोपर्यंत हात सरावलेला असतो. चुकलेल्या जागी तपकिरी रंगाचा हलका फवारा मारला की वलय बारीक करता येतं. जास्तीचा वेळ या दुरुस्तीसाठी ठेवा, खरी वलयं तिथेच घडतात.

एवढं करूनही मनासारखं जमलं नाही, तर दोन सरळ वाटा आहेत. वलयं छापलेली डिकल मिळतात. किंवा १९४३ मधलं एखादं विमान निवडा, तेव्हा काही सी.२०२ आणि बरीच सी.२०५ वरून सरळ गडद ऑलिव्ह हिरवी रंगवलेली होती. हिरव्यावर धडाभोवतीचा पांढरा पट्टा आणि शेपटीवरचा पांढरा क्रॉस इतका सुरेख दिसतो, की ती माघार वाटत नाही.

पांढऱ्या पट्ट्याबद्दल एक गोष्ट. तो लपवण्यासाठी नव्हता, आपल्याच तोफांनी आपलं विमान पाडू नये म्हणून ओळखीसाठी होता. नवा, कोरा पांढरा ठेवू नका, थोडा मळवा. पंखांच्या मुळाशी, जिथे यांत्रिकी चढायचे, तिथे रंग घासलेला दाखवा. आफ्रिकेतलं विमान निवडलंत तर धूळ-गाळणी असलेला डावीकडचा हवेचा मार्ग बसवायला विसरू नका. त्या उपप्रकाराला ए.एस. म्हणत, आणि किटमध्ये बऱ्याचदा दोन्ही मार्ग दिलेले असतात.

नाशिकच्या पावसाळ्यात मॅट लॅकर मारायचं टाळा. हवेतली ओल त्यात अडकते आणि सगळ्या विमानावर पांढुरका धुरकट थर येतो. कोरडा दिवस पाहा. आधी ग्लॉस, त्यावर डिकल, डिकल पूर्ण सुकल्यावरच मॅट. डिकल भिजवायला बोअरचं जड पाणी वापरू नका, सुकल्यावर त्याचे पांढरे डाग दिसतात. फिल्टरचं चालेल. आणि खिडकी उघडी ठेवून, मास्क लावूनच फवारा. कारखान्यात तुम्ही हे पाळलंच असणार, घरी आपण जरा सैल होतो.

मित्राच्या म्हणण्याबद्दल. हरलेल्यांची विमानं म्हणजे वाईट विमानं, असा हिशेब बांधणाऱ्यानं तरी करू नये. इटलीचं दुबळेपण आरेखकांत नव्हतं, इंजिनांत आणि कारखान्यांत होतं. कास्तोल्दीचंच आधीचं सी.२०० पाहा. २४ डिसेंबर १९३७ ला ते पहिल्यांदा उडालं. नाकावर फियाट ए.७४ हे सुमारे ८४० अश्वशक्तीचं तारकाकृती इंजिन होतं, आणि वेग ताशी ५०० किलोमीटरच्या थोडा पुढे. त्याच्या कव्हरवर सिलिंडरच्या रॉकरसाठी फुगवटे ठेवलेले आहेत. तुम्ही ते विमान हाती घ्याल तेव्हा पत्राकाम करणारा माणूस म्हणून त्या फुगवट्यांवर जीव जडेल. पुढे जर्मनीचं डेम्लर-बेंझ डीबी ६०१ मिळालं. शेपटी आणि पंख फारसे न बदलता कास्तोल्दीनं त्याच सांगाड्याला नवं नाक दिलं. १० ऑगस्ट १९४० ला सी.२०२ उडालं आणि वेग ताशी ६०० किलोमीटरला पोचला. म्हणजे सांगाडा पहिल्यापासून चांगला होता, त्याला हृदय नव्हतं. ते हृदयही परवान्यावर आल्फा रोमिओला बनवावं लागलं आणि ते हव्या त्या संख्येनं कधी निघालं नाही. सी.२०२ ची एकूण संख्या साधारण ११०० ते १२०० च्या घरात राहिली, स्पिटफायर वीस हजारांच्या वर बनल्या. शस्त्रंही तोकडी होती. नाकातल्या १२.७ मिलिमीटरच्या दोन ब्रेडा-साफात मशीनगन, आणि नंतरच्या मालिकांत पंखांत ७.७ च्या दोन. मित्राला हे सगळं सांगा, आणि सांगताना पंखावर हात ठेवा. त्या पंखात फसलेलं काही नाही.

आता नातवाचा प्रश्न. हा मला या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

ते चिन्ह म्हणजे काठ्यांची जुडी आणि तिच्यात बांधलेली कुऱ्हाड. प्राचीन रोमच्या अधिकाऱ्यांपुढे सेवक ती धरून चालत. शिक्षेचा अधिकार आमच्याकडे आहे, असा तिचा अर्थ. मुसोलिनीनं ती उचलली आणि आपल्या पक्षाची, मग राज्याची खूण केली. पंखावर ती तीनदा वर्तुळात असते, आणि धडावर बैठकीजवळ निळ्या चकतीत एकटी. चकतीतल्या कुऱ्हाडीचं पातं नाकाकडे तोंड करून असतं, म्हणून डावी आणि उजवी डिकल वेगळी आहेत, अदलाबदल करू नका. पंखावरच्या वर्तुळात पांढरा रंग भरलेला आहे की खालची वलयं दिसतात, हे तुमच्या निवडलेल्या विमानाच्या फोटोत पाहा. वरच्या आणि खालच्या बाजूला हे वेगळंही असू शकतं.

शेपटीवरचा पांढरा क्रॉस मात्र त्या पक्षाचा नव्हे. तो सावॉय राजघराण्याचा, मध्ये त्यांची ढाल. आधी तिथे हिरवा-पांढरा-तांबडा तिरंगा असे. फ्रान्सच्या निळ्या-पांढऱ्या-तांबड्या शेपटीशी तो हवेत गोंधळायला लागला म्हणून १९४० च्या जूनमध्ये तो काढून क्रॉस आणला.

ठेवावं की नाही? ठेवावं, असं मला वाटतं, पण गप्प बसून ठेवू नये. डिकल न लावता पंख रिकामे ठेवलेत तर ते विमान कोणाचंच राहणार नाही, आणि नातवाचा प्रश्नही विचारला जाणार नाही. शोकेसमध्ये विमानाच्या शेजारी एक छोटं कार्ड ठेवा. त्यावर विमानाचं नाव, तुकडी, महिना, आणि एक ओळ: हे इटलीच्या फॅसिस्ट राजवटीचं चिन्ह. मुलाला सांगा, की या राजवटीच्या सैन्याशी आपली माणसंही लढली. १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान इटालियन सैन्यासमोर उभे होते. पुढे इटलीच्या भूमीवर जर्मनांशी लढताना, जुलै १९४४ मध्ये तैबर नदीच्या खोऱ्यात, नाईक यशवंत घाडगे पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीपाशी नामदेव जाधवांनाही तोच सन्मान मिळाला. रायगड आणि अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतली ही माणसं. मुलाला हे कळलं की पंखावरचं चिन्ह त्याला शोभेची नक्षी वाटणार नाही.

तरीही मन राजी होत नसेल तर इतिहासातच दुसरा मार्ग आहे. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली आणि हवाई दल दोन वाटांनी गेलं. उत्तरेत मुसोलिनीच्या नव्या सरकारकडे गेलेल्या विमानांवर झालरीचा तिरंगा आला. दक्षिणेत मित्रराष्ट्रांच्या बाजूनं लढायला गेलेल्या विमानांवरचं जुनं चिन्ह पुसलं गेलं आणि हिरव्या-पांढऱ्या-तांबड्या रंगांचं वर्तुळ आलं. दक्षिणेकडच्या माक्की विमानांच्या पंखांवर त्या पुसण्याचा ओरखडा, नव्या रंगाचे चौकोनी ठिगळ, पट्ट्याच्या कडेचा ओघळ असं सगळं दिसतं. बांधणाऱ्याला हे मोठं आव्हान आहे, आणि घरात ठेवायला मन खातही नाही. निवड तुमची. पण ज्या बाजूचं बांधाल त्या बाजूची तारीख कार्डवर बरोबर लिहा. सप्टेंबर १९४३ च्या आधीच्या विमानावर तिरंगी वर्तुळं, किंवा नंतर दक्षिणेत लढलेल्या विमानावर काठ्यांची जुडी, असं उलटसुलट झालेलं मॉडेल मी कुठेही पाहिलं तर दुरूनही ओळखते.

पुढे काय? तुम्हाला चालणार असेल तर फियाट सी.आर.४२ 'फाल्को' घ्या. दुहेरी पंखांचं असूनही त्यात तारांचं जाळं नाही. सेलेस्तिनो रोझातेल्लीनं दोन पंखांमध्ये इंग्रजी डब्ल्यू सारख्या तिरप्या दांड्या बसवल्या, म्हणून दुहेरी पंखांचं पहिलं मॉडेल म्हणून ते सोपं जातं. १/४८ आणि १/३२ दोन्हींत ते मिळतं. त्यातल्या एका विमानाला नोव्हेंबर १९४० मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर ऑर्फर्डनेसला तेलनळी बिघडल्यामुळे उतरावं लागलं. तेच आज तिथल्या शाही हवाई दलाच्या संग्रहालयात आहे, त्यामुळे फोटोंची चणचण नाही. ते एक विमान नीट अभ्यासून घ्या.

तीन इंजिनांचं सावोया-मार्केत्ती एस.एम.७९ 'स्पार्व्हिएरो' आत्ताच घेऊ नका. १/७२ ला टेबलावर सोयीनं मावतं हे खरं, पण पाठीवरचा कुबड, खिडक्यांचं जाळं आणि कापडाच्या धडाचा बारीक पोत यांत एअरब्रश सरावलेला हवा. त्याचं धड पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर पुढे पत्रा, पाठीवर पत्रा आणि प्लायवूड, बाकी कापड; पंख लाकडी. तुमच्या पत्राकामाची तिथे फारशी गरज पडणार नाही, सुताराची पडेल. पुढच्या दिवाळीपर्यंत ते डब्यातच राहू द्या.

सी.२०२ चे पंख जोडले गेले की वलयं काढण्याआधी एकदा फोटो पाठवा. तोपर्यंत मी तुमच्या निवडलेल्या विमानाच्या कारखान्याची खात्री करून ठेवते, तेवढा क्रमांक कळवा.